पहिली टोपली

विमान मी आजवर खालूनच पाहिलेलं आहे. आमच्या गावावरून ती फार उंचावरून जातात, आभाळात पांढरी रेघ ओढत, आणि तेवढ्या उंचावर बसलेल्याला खाली कोणाचं काय बिघडलं हे दिसायचं काही कारण नाही. तरी माझं मोहाचं झाड विमानवाल्यांच्या भांडणात गेलं, असं मी सांगते तेव्हा गावातले लोक तोंड फिरवून हसतात. हसू द्या. त्यांचं काही गेलेलं नाही.

आमचं गाव चिमूर तालुक्याच्या अगदी टोकाला. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल. जंगल म्हणजे वाघांसाठी राखलेलं जंगल, आणि त्याचं एक लहानसं गेट गावापासून हाकेच्या अंतरावर. गेट झालं तेव्हा वनखात्याच्या साहेबांनी सभा घेऊन सांगितलं की आता वाघ हाच तुमचा पोशिंदा. त्याआधी तोच वाघ आमची गुरं ओढून नेत होता, तेव्हा कोणी सभा घेतली नव्हती. असो. माझ्या नवऱ्यानं जिप्सी घेतली आणि तो पर्यटकांना जंगलात फिरवू लागला. मी परसात दोन खोल्या बांधून घेतल्या, न्हाणीसकट, आणि त्याला होमस्टे म्हणू लागले. नवऱ्यानं रस्त्याकडच्या भिंतीवर पेंटरकडून ठसठशीत अक्षरांत लिहून घेतलं, 'इथे पाहुणा म्हणजे घरचाच माणूस'. मला ते तेव्हाच आवडलं नव्हतं. घरचा माणूस सकाळी उठून गरम पाणी मागत नाही, आपलं आपण तापवून घेतो.

आता मोहाचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे जंगलातल्या मोहाला सातबारा नसतो. जमीन सरकारची, झाड सरकारचं, पण त्याखाली पडलेलं फूल कोणाचं हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. होळी आटोपली की ज्या घरची बाई ज्या झाडाखाली झाडू घेऊन जाते, पालापाचोळा ओढून जागा लख्ख करते, त्या घरचं ते झाड. माझं झाड नाल्याच्या वरच्या अंगाला होतं, जुनं, पसरलेलं, फुलं अशी टपटपायची की पहाटे खाली उभं राहिलं तर पदरात पडायची. सासूनं मरायच्या आधी ते मला दिलं. धाकट्या जाऊला नाल्याखालची दोन रोगट झाडं दिली. सासूनं असं का केलं ते मी विचारलं नाही, आणि जाऊनं ते कधी गिळलं नाही. सणावारी ती माझ्या घरी पुरणपोळी खाऊन जायची आणि जाताना त्या झाडाच्या दिशेला बघून जायची.

एखाद्या साली वेचणं जमणार नसेल तर झाड दुसरीला देता येतं. त्यात लिहून घ्यायचं काही नसतं. घेणारीनं एकच करायचं, पहिल्या पडीची पहिली टोपली झाडवालीच्या दारात आणून द्यायची आणि झाडवालीनं ती घरात घ्यायची. टोपली घेतली म्हणजे झाड अजून तिचंच, फक्त या सालापुरतं दुसरीकडे दिलेलं. टोपली दारातून परत गेली तर झाड सोडलं असं गाव धरतं. पुढच्या होळीपासून तिथं तिचा झाडू चालत नाही. मी लग्न करून आले त्यानंतर अशी परत गेलेली टोपली एकदाच पाहिली होती. एका बाईनं रागाच्या भरात परत पाठवली होती, आणि म्हातारी होईस्तोवर ती त्या वाटेनं गेली नाही.

होमस्टे सुरू झाल्यापासून माझी एक अडचण होती. मोह पहाटे पडतो आणि पर्यटकही पहाटेच उठतो. गेट उजाडताच उघडतं, त्याआधी त्याला चहा हवा, सोबत डबा हवा, गार वारा लागतो म्हणून पांघरूण हवं. शनिवार-रविवारपुरते नागपूरचे लोक यायचे तोवर मी दोन्ही ओढत होते. पण त्या वर्षी मुंबईच्या एका टूरवाल्यानं फोन केला आणि ऐन मोहाच्या महिन्यात माझ्या दोन्ही खोल्या एकामागून एक येणाऱ्या ग्रुपसाठी धरल्या. लोक विमानानं नागपूरला उतरणार, तिथून गाडीनं माझ्याकडे, मग जंगल.

"ताई, एक अट आहे," तो म्हणाला. "सकाळी चहा द्यायला तुम्ही स्वतः हव्यात. लोकांना गावातली बाई हवी असते. चुलीवरचा चहा, नऊवारी असलं तर फारच छान."

"आमच्याकडे नऊवारी म्हाताऱ्या नेसतात," मी म्हटलं.

"मग साधी चालेल," तो म्हणाला. मोठाच उपकार.

पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. मोह वेचणं सोपं काम नाही. पहाटे, ओणवं होऊन, कमरेत गोळे येईस्तोवर, आणि पाठीमागे झुडपात काय बसलंय याची धास्ती वेगळी. आमच्या भागात मोह वेचताना वाघानं नेलेल्या बाया आहेत. म्हणून दोघी-दोघी जातात, एक वेचते तेव्हा दुसरी बोलत राहते. इतकी वर्षं मी आणि जाऊ अशाच जात होतो, माझ्या झाडाखाली मी, तिच्या झाडाखाली ती, मधे नाला आणि मोठमोठ्यानं बोलणं. एकमेकींशी गोड बोलण्याची आमची तेवढीच वेळ, आणि तीही वाघाच्या भीतीनं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी हातपंपावर जाऊनं विचारलं. चार बाया पाणी भरत होत्या.

"बाई, तुमी तं या साली पाहुन्यायच्या गडबडीत. मंग तुमचा मोह कोन येचन?"

"तूच येच," मी म्हटलं. "मले विमानाचे लोक येऊन राह्यले. टाइम कोनाले हाये?"

"पक्कं ना बाई?"

"पक्कं. पहिली टोपली आनजो मात्र."

"आनतो ना. रीत का मले माईत नाई?" ती म्हणाली, आणि घागर डोक्यावर घेऊन अशी चालू लागली की तिच्या चालण्यातच मला काहीतरी खटकलं.

पहिला ग्रुप यायच्या आदल्या दिवशी टूरवाल्याचा फोन आला. विमानं रद्द झाली होती. एका विमान कंपनीचे कर्मचारी आणि कंपनी यांच्यात बरेच दिवसांपासून धुसफूस चाललेली, आणि आता तिथले विमानात काम करणारे सगळे लोक एकाच दिवशी आजारी पडले होते.

"सगळे?" मी विचारलं.

"जवळजवळ सगळे."

"एकदम?"

"ताई, तो संपच आहे. पण संप म्हटला की कारवाई होते, म्हणून आजारी."

मी रव्याचे लाडू करून ठेवले होते. नव्या चादरी धुऊन, इस्त्री करून अंथरल्या होत्या. जिप्सी नवऱ्यानं पुसून आरशासारखी केली होती. सांगा, हे आता कोणाच्या नावावर मांडायचं? कंपनीच्या की आजाऱ्यांच्या? टूरवाला म्हणाला, पैसे परत देण्याची जबाबदारी विमान कंपनीची आहे, त्यांच्या ग्राहकांना मिळतील. म्हणजे जे आले नाहीत त्यांचं नुकसान भरून निघणार होतं. जी वाट बघत बसली ती त्यांची ग्राहक नव्हती.

गेटवर जाऊन पाहिलं तर तिथं याहून वाईट होतं. उन्हाळा हाच आमचा हंगाम. पाणी आटतं, वाघ पाणवठ्यावर येतो, आणि वाघामागून माणसं येतात. त्या दिवसांत गेटवर जिप्सींची रांग लागते. त्या आठवड्यातही रांग होती, पण रिकाम्या गाड्यांची. परमिटवर ज्याचं नाव त्यानंच ओळखपत्र दाखवून आत जायचं, दुसऱ्याला बसवायचं नाही, असा नियम. नागपूरहून स्वतःच्या गाडीनं आलेली दोन कुटुंबं तिथं कडेवर पोरं घेऊन विनवत उभी होती. आत जागा रिकामी, बाहेर माणसं उभी, आणि मधे बांबू आडवा. गाईडांचंही तेच. त्यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात, ज्याची पाळी रिकामी गेली त्याची गेली, पुन्हा रांगेच्या शेवटी. चहाच्या टपरीवाल्यानं दूध घेणं बंद केलं. मोठ्या रिसॉर्टनं आमच्या गावच्या भांडी घासणाऱ्या बायांना सांगितलं की विमानं सुरू झाली की बोलावू. दिल्लीत की मुंबईत कुठल्या तरी काचेच्या खोलीत दोन बाजूंचे लोक बाटलीतलं पाणी पीत बोलणी करत होते आणि इथं आमच्या बाया अंगणात हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"आता काय करतं," माझा नवरा म्हणाला. "इमान का आपल्या हातात हाये?"

तो असाच आहे. त्याच्या अंगावर झाड पडलं तरी म्हणेल, पडाचंच होतं. मला मात्र झोंबत होतं. शत्रू समोर असला की बरं असतं, दोन शिव्या देता येतात. इथं शिवी द्यायलाही कोणी नव्हतं.

आणि मग ती आली.

एकटी मुलगी, तिशीच्या आतली, चंद्रपूरहून भाड्याच्या गाडीनं. फोन करून खोली विचारली होती, मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं जंगल बघायला आली असेल. पण तिला जंगलात जायचंच नव्हतं. पहिला सगळा दिवस ती झोपली. अशी झोपली की मी दोनदा दाराशी जाऊन श्वास ऐकला. दुसऱ्या दिवशी उठून ओसरीवर पाय वर घेऊन बसली. पोटऱ्या सुजलेल्या होत्या. बोलायला गोड, काकू काकू करायची. मी ताट आणलं की उभी राहून हातातून घ्यायची, आणि ताट घेताना अशी कमरेतून जरा वाकून हसायची की मला ते हसू कुठंतरी छापलेलं असावं असं वाटायचं.

आमच्याकडे मोबाईलला रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की, माझे फोन येतात ते घरातल्या तारेच्या फोनवर. तिसऱ्या दिवशी ती टाकीवर उभी राहून बोलत होती आणि मी खाली गोवऱ्या उचलत होते.

"हो, ताप आहेच म्हणून सांग. सर्टिफिकेट पाठवलंय मी. नाही, कोणीच रुजू व्हायचं नाही. एक जरी गेली ना, तर बाकीच्यांना धरून काढतील."

ताप. याच बाईनं सकाळी माझ्याकडून दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले होते, वर शेव टाकून.

ती खाली उतरली तेव्हा मी शिडीशीच उभी होते. "तुम्ही विमानात असता," मी म्हटलं.

तिनं नाही म्हटलं नाही. त्याचा मला जास्त राग आला. नाही म्हणाली असती तर खोटारडी म्हणून मोकळी झाले असते.

मग मी जे बोलले ते सगळं आठवतं. ज्या खोलीत तू झोपलीस ती कोणासाठी तयार केली होती ते सांगितलं. लाडू कोणाचे खाल्ले ते सांगितलं. गेटवरचे गाईड, टपरीवाला, रिसॉर्टच्या बाया, सगळ्यांची नावं घेऊन सांगितलं. शेवटी म्हटलं, "आजारी पडायला आमचंच गाव सापडलं का तुम्हाला?"

"घरी राहिले असते तर कंपनीची माणसं आली असती बघायला," ती म्हणाली. "इथं रेंज नाही असं ऐकलं होतं." मग ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. "काकू, माझे बाबा कोळशाच्या खाणीत होते. त्यांचा संप सुरू झाला की आई वरणात पाणी वाढवायची. संप म्हणजे काय हे मला तुम्ही सांगू नका. आम्हाला उतरलं की झोपायलाही वेळ देत नाहीत. पाय बघितले ना माझे? हे काल-परवाचं नाही. एकेकटीनं विचारलं तर तिलाच घरी बसवतात. म्हणून सगळ्या मिळून पडलो आजारी. दुसरं काय करायचं होतं आम्ही?"

"तुमच्या वरणात तुम्ही पाणी घाला," मी म्हटलं. "माझ्या वरणात कशाला ओतता?"

ती पोटऱ्या चोळू लागली. खरं सांगायचं तर तिचे पाय मला दिसत होते. पण तेव्हा मला समजूतदारपणा नको होता. कोणीतरी समोर सापडलं होतं आणि मला ते सोडायचं नव्हतं. तिला घालवून द्यावं असं फार वाटलं. तेवढं केलं नाही, कारण दुसरा पाहुणाच नव्हता. पण बजावलं, "राहायचं तर पाहुण्यासारखं राहा. माझ्या स्वयंपाकघरात यायचं नाही. ताट मी दाराशी ठेवीन. दारात कोणी आलं-गेलं तर घेणं-देणं करायचं नाही, मला विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही."

"ठीक आहे काकू," ती म्हणाली. तेच छापलेलं हसू, पण या वेळी डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

त्या वर्षी मोह लांबला होता. मधेच ढग आले, दोन दिवस गारवा राहिला, आणि फूल पडेल पडेल म्हणता पडेना. मी रोज सकाळी वास घेत होते. मोह पडला की वाऱ्याबरोबर गोडूस वास येतो, गावभर. ज्या सकाळी तो आला त्याच सकाळी नवऱ्यानं गेटवरून निरोप पाठवला की रस्त्यानं आलेलं एक मोठं कुटुंब जेवणाची सोय विचारतंय, लवकर ये, नाहीतर रिसॉर्टवाला पळवतो. टोपली यायला ऊन वर येईल, तोवर परत येऊ, असं म्हणून मी पदर खोचून धावले. जाताना जाऊच्या घरावरून गेले. ती अंगणात उभी होती, कमरेवर हात देऊन. "कुठी चालल्या बाई एवढ्या घाईनं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "गेटवर. पाहुने आले."

कुटुंब गेलंच होतं. रिसॉर्टची गाडी त्यांना घेऊन गेली. मी तणतणत परत आले तेव्हा ती मुलगी ओसरीवर बसून नखं कापत होती.

"काकू, एक बाई आल्या होत्या," ती म्हणाली. "टोपली घेऊन. सोबत दोन-तीन जणी होत्या. पिवळी पिवळी फुलं होती."

"मग? कुठं ठेवली?"

"मी नको म्हटलं. तुम्हीच सांगितलं होतं ना, काही घ्यायचं नाही. त्यांनी तीनदा विचारलं, 'पक्कं नको ना?' मी म्हटलं, नको, थँक्यू."

मी खाली बसले. ती घाबरून पाणी घेऊन आली, तर मी तांब्या ढकलून दिला. मग तिला सांगितलं. झाड, झाडू, टोपली, सगळं. सांगताना माझा आवाज चढत गेला, तिचा चेहरा उतरत गेला.

"मला हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही," ती म्हणाली.

"तू विचारायला हवं होतंस!"

"बोलत कुठं होता तुम्ही माझ्याशी?"

तेही खरंच होतं, आणि म्हणून मी आणखी ओरडले. पण ती उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "चला. चूक माझ्या तोंडून झाली, मीच सांगते त्यांना."

जाऊच्या अंगणात फुलं वाळत टाकलेली होती. माझ्या झाडाची फुलं मी कुठंही ओळखेन, टपोरी, मांसल. बाया भोवती बसल्या होत्या, काड्या निवडत. हातपंपावरच्याच बाया. त्यांना बघूनच मी समजले, जाऊ कच्चं काम करणारी नाही.

मुलीनं हात जोडले. म्हणाली, "मावशी, मला तुमची रीत ठाऊक नव्हती. मी पाहुणी आहे. घरची नाही. माझ्या नको म्हणण्याला काय अर्थ आहे? काकू घरी नव्हत्या."

जाऊनं हातातलं फूल पाहिलं, काडी मोडली, टाकली. "असं कसं म्हनता? तुमी घरच्याच," ती म्हणाली. "आमच्या बाईच्या भिंतीवर मोठ्या अक्षरानं लिवून हाये ना, पाहुना म्हनजे घरचाच मानूस. आमी जास्त शिकलो नाई, पन तेवढं वाचता येते आमाले."

बाया हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, पण हसल्या.

"तू वाट पाहूनच होती," मी म्हटलं. "मी गेटवर गेली ते पाहून आली तू."

"मंग तुमाले गेटवर मी पाठोलं का बाई? पाहुने मी बोलावले का? विमान मी बंद केलं का?"

मी त्यांच्यातल्या म्हातारीकडे पाहिलं. वाटणीच्या वेळी तीच सासूजवळ बसलेली होती. ती काही माझी वैरी नव्हती. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "पोरी, टोपली दारातून वापस आली ना? मंग झालं. आता कोनी का म्हनंना नाई, दार तुयंच होतं." मुलगी अजून काही सांगू पाहत होती, नियम, हेतू, गैरसमज असे शब्द वापरून, आणि मी तिचा दंड धरून तिला बाहेर आणलं. तिच्या शब्दांना तिथं काही किंमत नव्हती, आणि माझ्याही.

दोन दिवसांनी विमानवाल्यांचं मिटलं. ती टाकीवरून जवळजवळ धावत उतरली. "मान्य केलं काकू, बरंच मान्य केलं! कोणालाही काढणार नाहीत." आनंदानं तिचा चेहरा लाल झाला होता. मग मला पाहून तिनं आवाज खाली आणला. "तुमचं काही करता येईल का?"

"तुझ्या कंपनीला सांग," मी म्हटलं, "म्हणावं एक मोहाचं झाडही मागण्यांत घाला."

ती रडली. मला तिचं रडणं पाहून बरं वाटलं, हे लपवत नाही. तिच्या मागण्या खोट्या होत्या असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. तिचे पाय मी पाहिले होते. पण गाडीत बसताना तिनं मला मिठी मारायला हात पुढे केले, तेव्हा मी कडेला सरकले. सगळ्यांनाच समजून घ्यायचं काम माझ्याच वाट्याला का यावं?

विमानं सुरू झाली. मला वाटलं आता तरी ग्रुप येतील. टूरवाल्याचा फोन आला, तो फार गोड बोलत होता, त्यावरूनच मी ओळखलं. अडकलेले सगळे ग्रुप त्यानं एकत्र करून एकदम आणायचं ठरवलं होतं, आणि इतकी माणसं माझ्या दोन खोल्यांत मावणार नव्हती. म्हणून सगळे रिसॉर्टला. "तिथं तलाव पण आहे पोहायला," तो म्हणाला, जणू मलाच बोलावत होता. चुलीवरचा चहा आणि गावातली बाई यांचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. त्या उन्हाळ्यात मी अंगणात बसून जाऊच्या घरावरून येणारा मोहाचा वास घेतला. खोल्यांना बाहेरून कडी घातली.

यंदा होळीच्या आधी त्याच टूरवाल्याचा पुन्हा फोन. म्हणाला, या वेळी सगळं सुरळीत आहे, विमानं वेळेवर आहेत, आणि रिसॉर्टला उतरणाऱ्या लोकांच्या ड्रायव्हरांसाठी खोल्या हव्यात, स्वस्तात. मी त्याला असं काही बोलले की नवरा जिप्सीखालून बाहेर आला. "एवढं कायले बोल्ली त्याले? त्याचा काय दोष?" तो म्हणाला. मला ठाऊक आहे, कोणाचाच दोष नसतो. टूरवाल्याचा नाही, मुलीचा नाही, जाऊचाही नाही म्हणे. दोष नसलेल्या लोकांनीच माझं सगळं नेलं.

होळी झाली आणि वनरक्षक दवंडी देऊन गेला. नाल्याकडे वाघीण पिल्लं घेऊन फिरतेय, मोह वेचायला कोणीही एकटं जायचं नाही. त्याच संध्याकाळी जाऊ माझ्या दारात आली. आत बस म्हटलं नाही, ती बसलीही नाही.

"बाई, सोबतीले कोनी नाई मले. बाकी साऱ्यायच्या आपापल्या जोड्या हायेत. तुमी येता का? अर्धा मोह तुमचा."

"कोन्या झाडाखाली?"

"वरच्या," ती म्हणाली. मग जरा थांबून, "माया झाडाखाली. पन मंग रीत तं करा लागन बाई. पहिली टोपली."

मी रात्रभर विचार केला असता तर नाहीच म्हटलं असतं. म्हणून तिथंच हो म्हटलं. घरात दुसरं काही यायचं नव्हतं, आणि फुलं मातीत सडताना बघणं मला जमलं नसतं. तिनं त्या झाडाखाली झाडू मारला तेव्हा मी नाल्याकडे तोंड करून उभी होते, राखण करत, मोठ्यानं बोलत. काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. जे काही झुडपात असेल ते ऐकून लांब गेलं असेल.

फूल पडलं त्या सकाळी मी पहिली टोपली भरली. गावाच्या वेशीपर्यंत आम्ही सोबतच आलो, मग जाऊ पुढे होऊन घरी गेली, आपलं दार रिकामं सोडायला ती काही माझ्यासारखी नव्हती. मी टोपली डोक्यावर घेऊन गावातून चालत गेले. हातपंपावरच्या बाया मागून आल्या, कोणी बोलावलं नव्हतं. जाऊच्या उंबऱ्याबाहेर मी थांबले आणि टोपली खाली घेऊन समोर धरली.

ती आतून आली, ओले हात पदराला पुसत. तिनं टोपलीकडे पाहिलं, मग बायांकडे, मग माझ्याकडे. रीत मला लागू झाली होती तशी तिलाही होती. तिच्या तोंडून एक शब्द निघाला असता तर झाड तिनं सोडलं असं गाव धरलं असतं. मनात मी एकच घोकत होते, म्हण नको. रागानं म्हण, माजानं म्हण, कसंही म्हण, पण एकदा नको म्हण.

जाऊनं दोन्ही हात पुढे केले. "आना बाई," ती म्हणाली, आणि टोपली घेऊन आत गेली.